जाणं हौसेचं, परत येणं गरजेचं

पहाटे साडेचारला फोन वाजला. गोव्यातल्या हॉटेलच्या खोलीत आम्ही पाच जण झोपलेलो. मी, बायको, दोन पोरं आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई, जिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या परतीच्या दिवसापर्यंत मोजून आणलेल्या होत्या. एसएमएस होता: ऑपरेशनल कारणांमुळे आपलं सकाळी दहाचं नागपूर विमान रद्द झालं आहे, दिलगीर आहोत. खाली लिंक. लिंकमध्ये दोन बटणं, पैसे परत घ्या किंवा तारीख बदला. तारीख बदलायला गेलो तर चौथ्या दिवशीची जागा दाखवत होती.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळाच्या सुट्टीतली ही गोष्ट. तरीही विमानतळावर गेलो, कारण माणसासमोर उभं राहिलं की काहीतरी होतं असं आपल्याला अजून वाटतं. काउंटरवरचा पोरगा जेमतेम पंचविशीचा. त्याच्या हातात काहीच नव्हतं आणि शिव्या मात्र सगळ्या तोच खात होता. आमच्या पुढे नागपूरच्या इतवारीचे एक काका उभे होते. पोरगा त्यांना म्हणाला, सर, फुल रिफंड मिळेल. काका म्हणाले, "पैसे वापस घेऊन का करू बापा? पैशावर बसून नागपूरला जाऊ का?"

मला जे म्हणायचं आहे ते काकांनी एका वाक्यात म्हटलं होतं. बाकीचा लेख हा त्याचा विस्तार आहे.

आपल्याकडचा नियम जाण्याचं विमान आणि येण्याचं विमान यांत काही फरक करत नाही. माणसाच्या दृष्टीने मात्र त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाण्याचं विमान रद्द झालं तर मी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून ऑटो करून घरी येतो. हिरमोड होतो, हॉटेलचे पैसे बुडतात, पोरं दोन दिवस तोंड फुगवून बसतात. पण रात्री अंथरूण आपलं असतं. परतीचं रद्द झालं तर मी परक्या गावात सामानासकट रस्त्यावर असतो. हॉटेलची खोली अकराला सोडायची असते आणि तीच खोली पुढच्या पाहुण्याला नाताळाच्या भावाने आधीच दिलेली असते. गोळ्या संपलेल्या असतात, रजा संपलेली असते. जाणं हौसेचं होतं, ते टाळता आलं असतं. परत येणं टाळता येत नाही. आणि ज्या व्यवहारात एका बाजूला 'नको' म्हणायची सोय उरलेली नाही, त्यात 'तुमचे पैसे घ्या आणि मोकळं करा' हा न्याय होत नाही.

आता नियम काय म्हणतो ते बघू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, प्रवासी सोयीसुविधांबद्दलची नियमावली २०१० पासून आहे आणि त्यानंतर तिच्यात सुधारणा झाल्या आहेत. विमान रद्द करायचं असेल तर कंपनीने दोन आठवडे आधी कळवावं आणि प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे पर्यायी विमान किंवा पैसे द्यावेत. दोन आठवड्यांच्या आत पण चोवीस तास आधी कळवलं, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारं पर्यायी विमान द्यावं किंवा पैसे. त्याहूनही उशिरा कळवलं तर याशिवाय भरपाई. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि दोन तासांवरच्याला १०,०००.

वाचताना बरं वाटतं. मग पुढचे शब्द येतात: किंवा मूळ एकेरी भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते.

नागपूरकरांसाठी या कोष्टकात एक गंमत आहे. आपण झिरो माइलच्या गावचे. देशाच्या मध्यावर बसल्यामुळे मुंबई, पुणे, दिल्ली, गोवा, कुठेही जा, उड्डाण एक ते दोन तासांतच बसतं. म्हणजे आपण जवळजवळ कायमच ७,५०० च्या रकान्यातले. पण तीन महिने आधी काढलेल्या तिकिटाचं मूळ भाडं त्याच्या निम्मंही नसतं, त्यामुळे तो आकडा आपल्या हाती सहसा पडत नाही. आमचं तिकीट माणशी ४,३०० चं होतं, त्यात मूळ भाडं ३,१००. भरपाई मिळाली असती तर माणशी ३,१००. त्या सकाळी दुसऱ्या कंपनीच्या विमानाने, मध्ये एक थांबा घेऊन, नागपूरला यायचे भाव होते माणशी १५,८००. पाच जणांचे ७९,०००. परतावा आणि भरपाई दोन्ही हातात आले असते तरी ३७,००० होतात. वरचे बेचाळीस हजार कोणाचे?

इथे नियमाच्या मुळाशीच चूक आहे असं माझं मत आहे. भरपाई मोजायची ती मी काय दिलं होतं यावरून नाही, मला आता काय द्यावं लागतंय यावरून. लग्नाच्या आदल्या रात्री कॅटरर पळून गेला आणि त्याने ॲडव्हान्स परत पाठवला, तर वधूपिता त्याला हार घालत नाही.

दुसरी विसंगती मला जास्त बोचते. त्याच सकाळी आईची तब्येत बिघडली म्हणून मी तिकिटं रद्द केली असती, तर रद्द करण्याच्या शुल्कात सगळं मूळ भाडं गेलं असतं. नियमानेच त्या शुल्काची मर्यादा मूळ भाडं आणि इंधन शुल्काइतकी ठेवली आहे. म्हणजे मी रद्द केलं तर दंड आणि कंपनीने रद्द केलं तर दिलगिरी. माझे साडेएकवीस हजार त्यांनी तीन महिने बिनव्याजी वापरले, हे तर कुठल्याच हिशेबात येत नाही.

आम्ही कसे आलो ते थोडक्यात सांगतो. नागपूर–मडगाव गाडी तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस असायची आणि तो दिवस त्यातला नव्हता. रात्रीची स्लीपर बस पकडून पुण्याला आलो. पुण्याहून रेल्वेची वेटिंग लिस्ट बघून पोरगी हसली. स्टेशनजवळच्या लॉजवर अर्धा दिवस काढला आणि संध्याकाळी ट्रॅव्हल्सने नागपूर. गोव्यातून बस सुटल्यापासून नागपुरात अजनीला उतरेपर्यंत छत्तीस तास लागले. आईचे पाय सुजले होते. सगळा खर्च पंचवीस हजारांच्या आत बसला. म्हणजे वहीतल्या हिशेबाप्रमाणे माझं नुकसान फक्त साडेतीन हजार! गैरसोय आपण अंगावर घेतली की ती खर्चात दिसत नाही. ज्याने ७९,००० भरले त्याचं नुकसान तरी कागदावर येतं. ज्याच्याकडे तेवढे नव्हते, त्याचं येतच नाही.

(त्या ट्रॅव्हल्सच्या भाड्यावर निदान कागदोपत्री लगाम आहे. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. दिवाळीत पुणे–नागपूर प्रवास केलेल्यांनी हसू नये.)

आता कारणाबद्दल. भरपाईची सगळी कलमं एका वाक्यापाशी येऊन थांबतात: असाधारण परिस्थिती असेल तर भरपाई नाही. यात नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, संप, सरकारी आदेश, हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण असं बरंच येतं. यातलं पुष्कळसं योग्यही आहे. वादळात विमान उडवा असं कोणी म्हणत नाही. पण आमच्या एसएमएसमध्ये कारण होतं 'ऑपरेशनल'. तक्रार केल्यावर तीन आठवड्यांनी मेल आला, त्यात तेच कारण 'प्रतिकूल हवामान' झालं होतं. गोव्यात त्या सकाळी ऊन होतं. आमच्या आधी आणि आमच्या नंतर विमानं उडत होती, आम्ही काचेतून मोजत होतो.

कंपनीची बाजूही मला समजते. एक विमान दिवसात पाच-सहा खेपा करतं. पहाटे ते दिल्लीच्या धुक्यात अडकलं तर दहा वाजता गोव्यात नसणार, आणि गोव्यात नसेल तर दुपारी नागपुरातही नसणार. मान्य. पण दिल्लीचं धुकं असाधारण कसं? डीजीसीए स्वतः १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा धुक्याचा काळ धरते आणि त्या काळात दिल्लीला कमी दृश्यमानतेत उतरण्याचं प्रशिक्षण घेतलेले वैमानिकच पाठवा असं कंपन्यांना सांगते. ज्या संकटाच्या तारखा सरकारी कागदावर छापलेल्या आहेत, ते अचानक आलं असं कसं म्हणायचं? मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर गेला म्हणून नागपुरात कोणी कूलर विकणारा 'अनपेक्षित उष्णता' म्हणून हात वर करत नाही.

युरोपात हा वाद कोर्टात जाऊन सुटला आहे. तिथला २००४ चा कायदा दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो भरपाई ठरवतो, तिकीट वीस युरोचं असो की दोनशेचं. आणि २००८ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की विमानातला तांत्रिक बिघाड ही एरवी असाधारण परिस्थिती नाही, कारण विमान चालवण्याच्या धंद्यात बिघाड होणारच. यावर नेहमी एक उत्तर येतं: असे कायदे आणाल तर स्वस्त विमानप्रवास संपेल. आज युरोपात सर्वांत जास्त प्रवासी नेणारी कंपनी स्वस्त तिकिटांचीच आहे. या कायद्याखाली दोन दशकं काढून ती मोठी झाली.

आपल्याकडेही दिशा दाखवणारा एक निकाल आहे, फक्त तो रेल्वेचा आहे. २०१६ मध्ये एक कुटुंब अजमेर–जम्मू एक्स्प्रेसने निघालं. गाडी चार तास उशिरा पोहोचली, त्यांचं जम्मू–श्रीनगर विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली. ग्राहक मंचाने तीस हजारांची भरपाई दिली आणि रेल्वे ती लढत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने भरपाई कायम ठेवली. त्यातला महत्त्वाचा मुद्दा असा की उशीर आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने पुराव्यानिशी दाखवायचं, नाही दाखवलं तर ती जबाबदार. विमान कंपन्यांना हाच न्याय का नको? विमान कुठे अडकलं, किती वाजता, तिथून दुसरी किती विमानं सुटली, या सगळ्या नोंदी त्यांच्याकडे असतात. प्रवाशाकडे असतो एक एसएमएस.

कोणाला वाटेल, एका कुटुंबाच्या सुट्टीवरून केवढी ही खटपट. तर डिसेंबर २०२५ आठवा. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची विमानं हजारोंनी रद्द झाली. कारण काय, तर वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम: आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांऐवजी अठ्ठेचाळीस, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. हे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते, त्यांचा शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. तयारीला पावणेदोन वर्षं होती. ८ डिसेंबरला इथे हिवाळी अधिवेशन सुरू झालं, तेव्हाही सोनेगावच्या पाटीवर 'रद्द' झळकत होतं. सरकारने मग भाड्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा घातली, पाचशे ते हजार किलोमीटरला १२,००० रुपये. म्हणजे मनात आणलं तर मर्यादा घालता येते, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. पण त्यासाठी एकाच वेळी लाखो लोक अडकावे लागले. एकटादुकटा अडकला तर बाजारभाव.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती बोलली नाही तर माझ्या म्हणण्याचा भलता अर्थ निघेल. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या विमानाचे वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळले आणि गेले. कारण थकवा होता असं म्हणायला आधार नाही, आणि मी तसं म्हणत नाही. पण त्या दिवसानंतर कॉकपिटमधल्या माणसाची झोप हा विषय मला लांबचा वाटत नाही. प्रवाशांना पोहोचवायचं म्हणून विश्रांतीचे नियम शिथिल करा, अशी माझी मागणी बिलकूल नाही. जेवढे वैमानिक तेवढीच तिकिटं विका, एवढंच म्हणणं आहे.

मग हवं काय? परतीच्या तिकिटासाठी वेगळा नियम. एकाच बुकिंगमध्ये जाणं-येणं असेल आणि जाणं पार पडलं असेल, तर येणं रद्द केल्यावर कंपनीची जबाबदारी पैसे परत करून संपू नये. माणूस घरी पोहोचल्यावर संपावी. ठरावीक तासांत आपलं विमान नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवा, तिथला भाव कितीही असो. तेही नसेल तर गाडी, बस, जे मिळेल ते आणि तोवर राहण्या-जेवण्याचा खर्च. आजची नियमावली 'पर्यायी विमान' म्हणते, पण ते दुसऱ्या कंपनीचंही असावं का, यावर ती ठाम बोलत नाही. सगळा खेळ त्या मोकळ्या जागेत चालतो. प्रवाशाला पैसेच हवे असतील तर खुशाल घेऊ दे. फक्त ती निवड त्याची असावी, चौथ्या दिवसाची तारीख दाखवून त्याच्याकडून करवून घेतलेली नसावी.

याला खरा आक्षेप एकच आहे आणि तो नागपूरकरानेच घ्यायला हवा. असा खर्च अंगावर येणार असेल तर कंपन्या मधल्या शहरांची विमानं आधी कमी करतील. मुंबई–दिल्लीला दिवसभरात इतकी विमानं असतात की अडकलेल्यांना कुठेतरी कोंबता येतं. गोवा–नागपूरला तशी सोय नाही, म्हणून आपला मार्ग महागात पडणार. ही भीती खोटी नाही. तिकीट थोडं वाढेल, कदाचित एखादं विमान कमीही होईल. मला ते चालेल. जे विमान गर्दीच्या दिवसांत भरवशाचं नाही, ते नसलेलं बरं. मग मी आधीच रेल्वेचं तिकीट काढीन. वेळापत्रकात असलेलं आणि प्रत्यक्षात नसलेलं विमान सगळ्यात महाग पडतं.

एकेकाळी या शहराची विमानांच्या जगात वेगळीच ओळख होती. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चारी दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरात उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत परत फिरत. त्या थैल्यांना कोणी तिकिटाचे पैसे परत देऊन गोव्यात सोडत नसे.

आमच्या बाबतीत पुढे काय झालं, तर आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लिहिलं, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. तिन्हीकडून तक्रार क्रमांक मिळाले. शेवटी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्याने एक चांगली सोय केली आहे, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एसएमएसचा स्क्रीनशॉट, त्या दिवशीच्या इतर विमानांच्या वेळा, बसची तिकिटं, लॉजची पावती, सगळं जोडलं. तुमच्यावर वेळ आली तर 'रद्द' दाखवणारा विमानतळावरचा बोर्डही फोटोत घ्या, नंतर तो कोणी दाखवत नाही. कायदा म्हणतो, अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागावा. आमच्या तक्रारीला दीड वर्ष होतंय.

मागच्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी बाहेर व्हरांड्यात तडजोडीची गोष्ट काढली. माणशी दोन हजारांचं कुपन, मुदत सहा महिने, दिवाळी-नाताळाच्या तारखा सोडून. घरी येऊन आईला सांगितलं. ती निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाली, "जाण्याचं देऊन राहिले का येण्याचं?"

वकिलांना अजून विचारलेलं नाही.